पीएचडी करणाऱ्या लेकीला ‘दुर्लक्ष कर’ सांगू नका

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर न्यू जर्सीत स्थायिक झाले. माझे यजमान आफ्रिकन-अमेरिकन आहेत. आमची मुलगी २७ वर्षांची आहे आणि मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात एपिडेमिऑलॉजीत, म्हणजे लोकसमूहांत आजार कसे आणि का पसरतात याच्या शास्त्रात, पीएचडी करते आहे. तिसरं वर्ष चालू आहे. तिच्या बॅचमध्ये ती एकटीच कृष्णवर्णीय. रात्री विभागात काम करत बसली की ओळखपत्र तिलाच विचारतात, बाकीच्यांना नाही. एक सहाध्यायी तोंडावर म्हणाला, तुला ‘डायव्हर्सिटी’मुळे घेतलंय. तिला कृष्णवर्णीय बाळंतिणींच्या मृत्यूंवर काम करायचं आहे, पण तिचे गाइड म्हणतात की हा विषय संशोधनाचा नाही, चळवळीचा आहे. क्वालिफाइंग परीक्षेत, म्हणजे पीएचडी पुढे चालू ठेवण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेत, तिला ‘कंडिशनल पास’ दिला, पण अटी तोंडीच सांगितल्या. तिने लिहिलेल्या पेपरवर तिचं नाव पहिलं होतं, ते तिसरं झालं. शिवाय विभागाच्या तीन समित्यांवर तीच. आता तिची झोप उडाली आहे आणि ती म्हणते, सोडते. तिचे बाबा म्हणतात, आपल्याला नेहमी दुप्पट काम करावंच लागतं. मी म्हणाले, दुर्लक्ष कर, डिग्री घे आणि बाहेर पड. त्यानंतर तिने फोन करणंच कमी केलं. मी तिला काय सांगू? आणि तिने काय करावं?
— एक आई, न्यू जर्सी

प्रिय ताई,

तुम्ही जे म्हणालात ते मायेने म्हणालात. तरीही ते शब्द मागे घ्या, आणि मागे घेतले असं तिला फोन करून सांगा. ‘दुर्लक्ष कर’ ऐकल्यावर मुलीला कळतं ते एवढंच की घरच्यांना ही बाब किरकोळ वाटते आणि पुढे काही घडलं तर घरी सांगण्यात अर्थ नाही. शिवाय तुम्ही लिहिलेल्या घटनांपैकी निम्म्या दुर्लक्ष करून संपणाऱ्या नाहीतच. तोंडी अटी, बदललेला नावांचा क्रम, नाकारलेला विषय यांचा परिणाम थेट पदवीवर होतो.

तिच्या बाबांचं वाक्य कृष्णवर्णीय घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितलं गेलं आहे, आणि ते अनुभवातून आलेलं आहे. पण त्याची किंमत शरीर मोजतं. तुमची लेक ज्या शास्त्रात आहे त्याच शास्त्रातल्या शर्मन जेम्स यांनी १९८०च्या दशकात यावर काम केलं. हाताशी साधनं कमी असताना वर्षानुवर्षं जास्तीचा जोर लावून झुंजत राहण्याचा संबंध त्यांनी कृष्णवर्णीयांमधल्या उच्च रक्तदाबाशी जोडला आणि या प्रवृत्तीला ‘जॉन हेन्रीइझम’ असं नाव दिलं. लेकीला हे ठाऊक असेल. बाबांनाही ठाऊक व्हायला हवं.

आता एक आकडा. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सने केलेल्या पाहणीत, सुरुवात केल्यापासून दहा वर्षांत पीएचडी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्या विद्यार्थ्यांत ५५ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ४७ टक्के होतं. म्हणजे पीएचडी अर्धवट राहणं सगळ्यांच्याच बाबतीत सर्रास घडतं, आणि ‘सोडते’ हा विचार मनात येणं म्हणजे ती कमी पडली असं मुळीच नाही. उरतो तो आठ टक्क्यांचा फरक. त्याची कारणं विभागांच्या कारभारात शोधावी लागतात, कारण मोजलेली सगळी मुलं प्रवेशाची चाळणी पार करूनच आलेली होती.

असा विभाग असूनही जे कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीपर्यंत पोचतात त्यांच्याबाबत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्यांची परीक्षा, त्यांचा स्टायपेंड, त्यांचा विषय आणि त्यांची शिफारसपत्रं एकाच माणसाच्या मर्जीवर राहिलेली नसतात. तुमच्या लेकीचं आज नेमकं तेच झालं आहे. सगळ्या दोऱ्या एका गाइडच्या हातात आहेत. खाली जे सांगतो आहोत ते त्या दोऱ्या एकेक करून सोडवून घेण्यासाठी आहे.

पहिलं काम परीक्षेच्या अटींचं. हे काम या आठवड्यातच व्हायला हवं, कारण तोंडी अट कोणीही, कधीही बदलू शकतं. तिने परीक्षा समितीच्या अध्यक्षांना ईमेल करावा आणि त्याची प्रत पीएचडी कार्यक्रमाच्या संचालकांना, म्हणजे तिकडे ज्यांना डीजीएस म्हणतात त्यांना, पाठवावी. मजकूर साधा हवा: “परीक्षेनंतर झालेल्या बोलण्यानुसार मी समजते त्या अटी अशा आहेत. एक, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा लिहिणं. दोन, अमुक कोर्स पूर्ण करणं. हे कोणत्या तारखेपर्यंत करायचं, ते कोण तपासणार आणि अटी पूर्ण झाल्यावर निकाल ‘पास’ असा नोंदला जाईल का, हे कृपया कळवावं. माझ्या समजण्यात चूक असेल तर पुढच्या शुक्रवारपर्यंत दुरुस्त करावी.” त्यात तक्रारीचा सूर नको, वंशाचा उल्लेखही नको. उत्तर आलं तर अटी लेखी झाल्या. नाही आलं, तर तिने विचारलं होतं याचा पुरावा राहिला. आठ दिवसांनी त्याच ईमेलखाली एक आठवण पाठवावी.

सोबत विभागाची ग्रॅज्युएट हँडबुक काढावी, तीही तिने प्रवेश घेतला त्या वर्षीची. बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या वर्षीचे नियमच विद्यार्थ्याला लागू राहतात. ‘कंडिशनल पास’ हा प्रकार हँडबुकमध्ये आहे का, असल्यास मुदत किती, दुसरी संधी किती वेळा, हे तिने स्वतः वाचावं. परीक्षकांनी लिहिलेले शेरे तिच्या शैक्षणिक रेकॉर्डमध्ये असतील तर ते पाहायचा तिला हक्क आहे. फर्पा नावाच्या फेडरल कायद्यानुसार विद्यार्थ्याने स्वतःचं शैक्षणिक रेकॉर्ड मागितलं की विद्यापीठाला ते ४५ दिवसांच्या आत दाखवावं लागतं. अर्ज रजिस्ट्रारकडे करायचा. याच कायद्यामुळे, ताई, तुम्ही विभागात फोन करून काही उपयोग नाही. मुलगी कॉलेजात गेली की हे हक्क पालकांकडून तिच्याकडे जातात, तिच्या लेखी संमतीशिवाय तुमच्याशी कोणी बोलणार नाही. शिवाय आईने फोन केला ही बातमी मात्र विभागभर होईल.

दुसरं काम नोंदींचं. पुष्कळ मुली हे टाळतात, कारण जे विसरायचं तेच पुन्हा लिहायचं. पण सहा महिन्यांनी ‘गाइड मला नेहमी डावलतात’ एवढं सांगितलं तर कोणतंही कार्यालय काही करू शकत नाही. तेच तारखा आणि शब्द घेऊन गेलं तर करावं लागतं. नोंद त्याच दिवशी करावी, पाच ओळींत: तारीख-वेळ, ठिकाण, कोण काय म्हणालं ते शक्य तितकं त्याच्याच शब्दांत, तिथे आणखी कोण होतं, आणि त्याचा पुढे काय परिणाम झाला. ‘मला अपमान वाटला’ हे वेगळ्या वहीत लिहावं, तेही महत्त्वाचं आहे, पण या वहीत फक्त घडलेलं. तिच्याबरोबरच्या गोऱ्या सहाध्याय्यांना त्याच बाबतीत काय वागणूक मिळाली हेही टिपावं. ओळखपत्र तिलाच विचारलं आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघांना नाही, हा तुलनेचा तपशीलच भेदभावाच्या तक्रारीत सर्वांत जास्त कामाला येतो.

ही वही विद्यापीठाच्या लॅपटॉपवर किंवा विद्यापीठाच्या ईमेलवर नको. घरच्या खात्यावर किंवा कागदावर ठेवावी. इथे दोन चुका वारंवार होतात. पुराव्याच्या नादात विद्यार्थी रुग्णांची माहिती असलेल्या फाइल किंवा दुसऱ्यांचे ईमेल स्वतःच्या खात्यावर उतरवून घेतात आणि मग शिस्तभंगाची कारवाई त्यांच्यावरच होते. एपिडेमिऑलॉजीत तर हा धोका मोठा आहे. स्वतःला आलेले आणि स्वतः पाठवलेले ईमेल तेवढे जपावेत. दुसरी चूक म्हणजे गुपचूप रेकॉर्डिंग. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, पण इलिनॉय, कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन अशा राज्यांत सगळ्यांची लागते आणि नाही घेतली तर तो गुन्हा ठरू शकतो. तिचं राज्य कोणतं ते पाहिल्याशिवाय फोन चालू करून ठेवू नये. त्यापेक्षा प्रत्येक मीटिंगनंतर चोवीस तासांत ‘आज ठरलेल्या गोष्टी अशा’ म्हणून चार ओळींचा ईमेल टाकणं सोपं आहे आणि सगळीकडे चालतं.

आता माणसं. हा सगळ्यांत मोठा भाग आहे.

विद्यार्थी ‘मेंटॉर’ शोधतात तेव्हा एकाच व्यक्तीत सगळं शोधतात: विषयाची जाण, आपुलकी, विभागातलं वजन, आणि आपल्यासारखा अनुभव. असा माणूस क्वचित भेटतो. कामं वाटून घ्यावीत. तिला पद्धतीशास्त्रासाठी, म्हणजे सांख्यिकीसाठी, एक जण हवा. त्याला वंशाच्या प्रश्नावर काही कळत नसलं तरी चालेल, पण तिचं विश्लेषण बरोबर आहे असं त्याने म्हटलं की कोणी बोलू नये एवढा तो पक्का हवा. तिच्या विषयातला एक जण हवा, आणि तो दुसऱ्या विद्यापीठातला असला तर अधिक बरं. विभागातल्या बैठकांत तिच्या बाजूने बोलेल असा एक प्राध्यापक हवा, शक्यतो कायम नोकरी मिळालेला, कारण नवख्या असिस्टंट प्रोफेसरला इच्छा असूनही ते जड जातं. आणि हे सगळं सोसून पुढे गेलेली एक कृष्णवर्णीय संशोधक हवी, जिला काहीही समजावून सांगावं लागणार नाही. तिने पीएचडी समितीत अशा दोघांना तरी बसवावं. समिती साधारण चार-पाच जणांची असते आणि बहुतेक ठिकाणी एक सदस्य विभागाबाहेरचा लागतो. ती जागा सोयीपुरती कोणालाही देऊन टाकू नये. बाहेरच्या सदस्याला विभागातल्या कोणाची भीड नसते.

अनोळखी प्राध्यापकांना ईमेल करायचा तर छोटा करावा. पाच-सहा ओळी: मी कोण, तुमचा कोणता पेपर वाचला आणि त्यातलं काय मला उपयोगी वाटलं, माझा एक नेमका प्रश्न, आणि वीस मिनिटांच्या कॉलसाठी दोन-तीन वेळा. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण. त्यानंतरही शांतता असेल तर ती स्वतःची नालायकी समजू नये, हे तुम्ही तिला जरूर सांगा. कॅथरीन मिल्कमन, मोडुपे अकिनोला आणि डॉली चुग यांनी एक प्रयोग केला होता. पीएचडीत रस असलेल्या काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नावाने अमेरिकेतल्या २५९ विद्यापीठांतल्या साडेसहा हजारांहून अधिक प्राध्यापकांना ईमेल पाठवले. मजकूर एकच, नावं फक्त वेगळी. गोऱ्या पुरुषाचं वाटेल अशा नावाला इतरांपेक्षा जास्त उत्तरं आली. यावर सर्वांत चांगला उपाय ओळखीचा: तिची सांख्यिकीची बाई किंवा जुन्या कॉलेजातले सर यांनी दोन ओळींची ओळख करून दिली की उत्तर येण्याची शक्यता खूप वाढते. तशी विनंती करायला तिने लाजू नये. गोऱ्या विद्यार्थ्यांना हे दुवे पुष्कळदा न मागता मिळतात.

बरोबरीच्या विद्यार्थ्यांचा गट विभागात नसेल तर विद्यापीठभरातून करावा. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांची संघटना असते. तिच्यातून तीन-चार जणींनी लिहिण्याचा गट करावा: आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, सुरुवातीला प्रत्येकीने आज काय लिहिणार ते सांगायचं, शेवटी किती झालं ते. गप्पा नंतर. नुसत्या भडास काढायच्या गटातून मुली आणखी थकून बाहेर पडतात. लिहिण्याच्या गटात आधारही मिळतो आणि प्रकरणंही पुरी होतात.

विषयाचं. गाइडने ‘चळवळ’ म्हटलं त्याला वादाने उत्तर देऊ नये, एका पानाने द्यावं. तिच्या बाजूला भक्कम आकडा आहे: सीडीसी या अमेरिकी सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३ आणि गोऱ्या स्त्रियांत १४.५ होते. साडेतीन पटीचा फरक समजून घेणं हे एपिडेमिऑलॉजीचं अगदी मूळचं काम आहे. त्या पानावर प्रश्न एका वाक्यात, कोणता डेटा वापरणार, विश्लेषण कोणत्या पद्धतीने, निष्कर्ष चुकीचा ठरवणारा निकाल कसा दिसेल, आणि अशा विषयावरचे अलीकडचे पेपर छापणारी तीन नामवंत नियतकालिकं. हे पान आधी सांख्यिकीच्या प्राध्यापकांना दाखवून मग गाइडकडे न्यावं.

या पूर्वग्रहालाही पुरावा आहे, म्हणजे तिला आपल्या मनाचे खेळ वाटू नयेत. २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या डोना गिंथर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, शिक्षण आणि प्रकाशनं वगैरे जमेला धरूनही कृष्णवर्णीय संशोधकांना एनआयएच या आरोग्य-संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचं संशोधन-अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्केबिंदूंनी कमी निघाली. २०१९ मध्ये एनआयएचमधल्याच संशोधकांनी दाखवलं की या तफावतीचा एक भाग विषयांच्या निवडीतून येतो: समाजाच्या आरोग्याचे विषय कृष्णवर्णीय संशोधक जास्त निवडतात आणि त्या विषयांना पैसे कमी मिळतात. तेव्हा विषय सोडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, पण प्रबंधाच्या तीन प्रकरणांपैकी एक तरी पद्धतीच्या बाजूने असं असावं की ते नोकरीच्या कोणत्याही मुलाखतीत चालेल.

पेपरवरचं नाव. जे झालं त्याबद्दल आधी कारण विचारावं, लेखी आणि शांतपणे: “लेखकांचा क्रम कोणत्या योगदानावर ठरला हे समजून घ्यायचं आहे.” वैद्यकीय नियतकालिकं आयसीएमजेईचे, म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, लेखकत्वाचे चार निकष मानतात, आणि अनेक नियतकालिकं कोणी काय केलं याचं निवेदनही मागतात. पेपर अजून छापला नसेल तर दुरुस्तीला जागा आहे. छापला असेल तर ही लढाई लढायची की नाही हे समितीतल्या वजनदार प्राध्यापकाला विचारून ठरवावं. पुढच्या प्रत्येक पेपरला मात्र आराखडा करतानाच क्रम ईमेलवर ठरवावा आणि कामाची वाटणी बदलली तर क्रमावर पुन्हा बोलू, असंही त्यात लिहावं.

तीन समित्यांपैकी दोन सोडाव्यात. एका वर्षी एकच, आणि तीही जिथे तिला काही मिळेल अशी. नाही म्हणताना कारणांची यादी देऊ नये: “प्रबंधाचा प्रस्ताव पूर्ण होईपर्यंत नवी जबाबदारी घेता येणार नाही” इतकंच. विभागात ती एकटी म्हणून प्रत्येक फोटोत आणि प्रत्येक समितीत तीच लागते, पण पदवी देताना हे काम कोणी मोजत नाही.

‘डायव्हर्सिटीमुळे घेतलं’ म्हणणाऱ्याला काय सांगावं? आपल्याकडे ‘कोट्यातून आली’ म्हणतात तोच हा टोमणा आहे, आणि ऐकणाऱ्याने आपली गुणपत्रिका दाखवायला लागावं हाच त्याचा हेतू असतो. ती दाखवू नये. “हे तू कशावरून म्हणतोस?” एवढं विचारून थांबावं, किंवा काहीच न बोलता उठून जावं. दोन्ही चालतं. प्रत्येक वेळी उत्तर देण्याचं कर्तव्य तिच्यावर नाही. ओळखपत्राचं मात्र वेगळं. तिथे त्या क्षणी वाद घालू नये, विचारणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपावी, आणि दुसऱ्या दिवशी इमारतीच्या व्यवस्थापकाला डीजीएसच्या प्रतीसह लिहावं की रात्री प्रवेशाची परवानगी असलेल्यांच्या यादीत माझं नाव असल्याची खात्री करावी आणि तपासणी सगळ्यांची सारखी व्हावी.

गाइड बदलणं हा मोठा निर्णय आहे, पण वाटतो तितका अशक्य नाही. त्यात क्रम चुकला की नुकसान होतं. आधी नव्या गाइडशी बोलावं आणि त्यांची तयारी ईमेलवर घ्यावी. मग पैसे: तिचा स्टायपेंड गाइडच्या ग्रँटवर आहे, विभागाच्या टीचिंग असिस्टंटशिपवर आहे की फेलोशिपवर? ग्रँटवर असेल तर बदलानंतर कोण देणार, हे डीजीएसकडून लेखी हवं. पुढच्या वर्षाच्या नेमणुका पुष्कळ ठिकाणी वसंत ऋतूतच ठरतात, म्हणून ही बोलणी त्याआधी व्हायला हवीत. तिसरं, जुन्या गाइडकडचा डेटा आणि अर्धे पेपर: काय नेता येईल, काय नाही. हे तिन्ही झाल्यावर जुन्या गाइडला सांगायचं, आणि कारण संशोधनाचं द्यायचं: “माझा प्रबंध अमुक पद्धतीकडे वळतो आहे.” रागाच्या भरात आधी गाइडला सांगणाऱ्या मुली पगाराविना सेमिस्टर काढतात. पूर्ण बदल जमत नसेल तर सहगाइड घ्यावा. पुष्कळदा तेवढ्यानेही एकाच्या हातातली सत्ता दोघांत वाटली जाते.

तक्रार करायची तर कोणाकडे? ओम्बड्स कार्यालयापासून, म्हणजे विद्यापीठातल्या तटस्थ सल्ला देणाऱ्या कार्यालयापासून, सुरुवात करावी. तिथलं बोलणं गोपनीय राहतं, नोंद होत नाही, आणि कोणता मार्ग कुठे जातो हे ते सांगतात. पण तिथे बोलणं म्हणजे विद्यापीठाला अधिकृत सूचना देणं नव्हे, हे लक्षात ठेवावं. अधिकृत तक्रार समान संधी किंवा नागरी हक्क कार्यालयात होते. ‘डायव्हर्सिटी’ नावाची कार्यालयं गेल्या काही वर्षांत पुष्कळ ठिकाणी बंद झाली किंवा त्यांची नावं बदलली, पण १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टचं सहावं प्रकरण, ज्याला तिकडे टायटल सिक्स म्हणतात, ते कायम आहे. फेडरल पैसा घेणाऱ्या विद्यापीठाला वंशावरून भेदभाव करता येत नाही. फेडरल शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार घटनेपासून १८० दिवसांत करावी लागते. विद्यापीठातली अंतर्गत तक्रार आधी केली असेल तर ती संपल्यापासून ६० दिवस मिळतात. या कार्यालयाच्या बारापैकी सात विभागीय कचेऱ्या बंद करण्याचा निर्णय मार्च २०२५ मध्ये झाला, त्यामुळे निकाल लवकर लागेल असं धरून चालू नये. ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांची युनियन असेल तर तिथेही जावं. मात्र युनियनच्या करारात तक्रारीची मुदत पुष्कळदा काही आठवड्यांचीच असते. तक्रारीआधी दोन शिफारसपत्रं देणारी माणसं पक्की करावीत, कारण सूड कायद्याने वर्ज्य असला तरी तो नेहमी थंड वागण्यातून येतो, आदेशातून नाही.

झोप उडाली आहे, याकडे मात्र बाकी कशाहीआधी पाहा. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात बहुधा ठरावीक भेटीच मिळतात, म्हणून पहिल्या भेटीतच बाहेरच्या थेरपिस्टकडे पाठवण्याची विनंती करावी आणि विद्यार्थी विम्यात किती खर्च बसतो ते विचारावं. कृष्णवर्णीय थेरपिस्ट शोधायला ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ची यादी उपयोगी आहे. थेरपिस्टचा परवाना राज्यापुरता असतो, तेव्हा ती राहते त्या राज्यातला हवा. जगणं नकोसं वाटतं असं कधी तिच्या तोंडून आलं तर ९८८ हा आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर अमेरिकेत कुठूनही, रात्रंदिवस लागतो. फोन तुम्हीही करू शकता.

आणि घर. पुढचा फोन झाला की एवढंच विचारा: “तुला आत्ता नुसतं ऐकून हवंय की मिळून काही ठरवायचंय?” तिने सांगितल्यावर ‘त्याला तसं म्हणायचं नसेल गं’ म्हणू नका. तो विचार तिने आधीच करून पाहिलेला असतो. पैशाची मदत करायची तर नेमकी करा: एखाद्या परिषदेचं विमानाचं तिकीट, थेरपीच्या चार भेटी. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्या मराठी मंडळांत, लग्नकार्यांत, साताऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगावरून आणि ‘त्या लोकांवरून’ जे बोललं जातं ते तिने लहानपणापासून ऐकलं असणार. तिथे तुम्ही गप्प राहिलात का, हे तिला आठवत असेल. यापुढे तिच्यासमोरच बोला. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, आणि बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं. तिचा झगडा तिच्या बाबांकडच्या लोकांचाच आहे असं मानणाऱ्या नातलगांना हे सांगता येईल.

हे सगळं करूनही सोडायचं ठरलं तर? जॉर्जियाना सिम्पसन यांना १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठात गोऱ्या मुलींच्या तक्रारीवरून वसतिगृह सोडावं लागलं. त्यांनी उन्हाळ्यातले वर्ग आणि पत्रद्वारा अभ्यास असा मार्ग काढून १९२१ मध्ये पीएचडी मिळवली, आणि अमेरिकेत पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या तीन कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी एक झाल्या. त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण तेवढं सोसणं ही प्रत्येकीकडून करायची अपेक्षा नाही. सोडण्याचा निर्णय वाईट दिवशी होऊ नये एवढंच पाहा. एक तारीख ठरवा, या सेमिस्टरच्या शेवटची. तोवर परीक्षेच्या अटी लेखी झाल्या का, दुसरा गाइड किंवा सहगाइड मिळाला का, पुढच्या वर्षाचे पैसे लेखी आहेत का, एवढं तपासा. तिन्हींना ‘नाही’ आलं तर निघणं शहाणपणाचं आहे. दुसऱ्या विद्यापीठात जाणं हाही एक रस्ता आहे, आणि त्यासाठी शिफारस गाइडचीच लागते असं नाही, समितीतल्या दोघांची चालते.

मधला रस्ता म्हणजे रजा, लीव्ह ऑफ ॲब्सेन्स. अर्जाआधी चार प्रश्नांची उत्तरं लेखी घ्यावीत: स्टायपेंड थांबतो का, आरोग्य विमा कधीपर्यंत, पदवीच्या मुदतीतून हा काळ वगळला जातो का, परत येताना जागा नक्की असते का. तिचं वय २७, म्हणून फेडरल नियमाप्रमाणे आईवडिलांच्या विम्यात ती आता येत नाही. ती मर्यादा २६ ची आहे, मात्र न्यू जर्सीत काही विम्यांत ३१ पर्यंतची वेगळी तरतूद आहे, ती आपल्या विमा कंपनीला विचारा. विद्यार्थी विमा गेला तर सरकारी मार्केटप्लेसवर नवा घ्यायला ६० दिवस मिळतात. फेडरल कर्ज असेल तर अर्धवेळपेक्षा कमी नोंदणी झाल्यापासून सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात, आणि ही सवलत एकदाच वापरता येते. कायमचंच निघायचं असेल तर आधी मास्टर्स पदरात पाडून घ्यावी. तीन वर्षांच्या कोर्सवर ती बहुतेक विभागांत मिळते, पण आपोआप नाही. त्यासाठी वेगळा अर्ज असतो, त्याला सेमिस्टरच्या सुरुवातीलाच मुदत असते आणि अर्ज करताना नोंदणी चालू असावी लागते. ती पदवी ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकावर, उमटेपर्यंत तिने नाव काढून घेण्याच्या कोणत्याही फॉर्मवर सही करू नये.